हेलिकॉप्टरने माणूस उचलून आणणं ही इमर्जन्सी सर्व्हिस धरायची की नुसती मदत?

मालीमचो_बोटवालो यांनी लिहिलं:

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल पण मला खरंच उत्तर पाहिजे, कारण या आठवड्यात पाटी रंगवायची आहे आणि दोन मीटिंगा होऊनही निकाल लागलेला नाही.

आमच्या जेटीवर बोटमालकांनी मिळून एक मोठी पाटी लावायचं ठरवलंय, आपत्कालीन सेवा असं वर मोठ्या अक्षरात आणि खाली नंबर. ११२, १०८, १०१ यावर कुणाचं काही म्हणणं नाही. मी म्हटलं त्याच रांगेत १५५४ पण टाका, कोस्ट गार्डचा, समुद्रात कुणी अडकलं तर हेलिकॉप्टर त्यांचंच येतं. तर आमच्यातलेच एक जुनेजाणते म्हणाले, ती सेवा नव्हे, ती मदत. सेवा म्हणजे पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स. हेलिकॉप्टर हे लष्करी काम, त्यांना वेळ असला, हवा बरी असली तर येतात, आपल्या हक्काचं नाही ते. पाटीवर लिहिलं की लोक उगाच आशा धरून बसतील. आणि गंमत अशी की चारपाच जणांना ते पटलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फक्त तापलो आणि घरी आलो.

मी का तापलो ते सांगतो. माझा मेव्हणा ट्रॉलरवर तांडेल आहे. ऑगस्टात, सीझन उघडून तीन आठवडे झाले असतील, बोट पस्तीस वाव खोल पाण्यात होती, किनाऱ्यापासून अडतीस नॉटिकल मैलांवर, आणि दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्या छातीत दुखायला लागलं. डावा हात बधिर, घाम असा की गंजी पिळून काढावी. तिथे मोबाईलला रेंज नाही. त्यांनी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, बाजूच्या बोटीला सांगितलं, तिने आणखी किनाऱ्याजवळच्या बोटीला, आणि माझ्यापर्यंत निरोप आला तोवर पावणेतीन झाले होते. मी आधी १०८ लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बोट कधी लागेल ते विचारलं आणि गाडी जेटीवर उभी ठेवतो म्हणाले, आणि ठेवलीही. पण बोट सातआठ नॉट्सने यायला पाच तास! मग मी याला फोन, त्याला फोन, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, प्रत्येक जण म्हणतो आमच्याकडे नाही तिकडे विचारा, असं करत चार वाजले. शेवटी जेटीवर डिझेल भरणाऱ्या एका पोराने सांगितलं, अरे १५५४ लाव ना. मी लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले, बोटीची पोझिशन काय, माणसं किती, पेशंट शुद्धीवर आहे का. साडेपाचला हेलिकॉप्टर बोटीवर होतं आणि अंधार पडायच्या आत मेव्हणा दाबोळीच्या विमानतळावर उतरून अँब्युलन्समध्ये होता. आज तो बरा आहे, दोन स्टेंट आहेत, जाळी विणत बसतो आणि बोटीवर कधी जाऊ म्हणून विचारत असतो.

पण तो सव्वा तास माझ्या डोक्यातून जात नाही. आणखी तासभर उशीर झाला असता तर अंधार आणि ढग, मग कोण जाणे. तो नंबर मला माहीत असता तर. वीस वर्षं बोट चालवतोय मी आणि मला माहीत नव्हता.

तर सांगा, ही इमर्जन्सी सर्व्हिस आहे की नाही? आणि नुसतं आहे किंवा नाही नको, का ते सांगा, मला मीटिंगमध्ये बोलायचंय.

---

वास्कोचा_विंचवाला यांनी लिहिलं:

बाब, तुझ्या मीटिंगमध्ये हे वाचून दाखव.

मी रिटायर्ड आहे, बरीच वर्षं हेलिकॉप्टरच्या दारात पाय बाहेर सोडून विंच, म्हणजे माणूस तारेने वर ओढायचं यंत्र, चालवली, नावगाव विचारू नको. तुमचे ते जाणते गृहस्थ निम्मे बरोबर आहेत आणि नेमके ज्या निम्म्यात चुकतायत तिथेच तुमची बोट आहे.

कोस्ट गार्ड समुद्रात माणसं वाचवतं ते उपकार म्हणून नाही. १९७८ चा तटरक्षक कायदा आहे, त्याच्या कलम १४ मध्ये कामं लिहून दिलेली आहेत आणि त्यात मच्छीमारांचं संरक्षण आणि समुद्रात ते संकटात असले तर त्यांना मदत हे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे ती त्यांची ड्युटी आहे, पोलिसांची जशी असते तशी. 'मदत' हा शब्द कायद्यातच आहे म्हणून गोंधळ होत असेल, पण जी मदत करणं कायद्याने बांधून घातलंय तिला आपण सेवाच म्हणतो ना. फायर ब्रिगेडवाला तुमचं घर विझवतो तेव्हा वेगळं काय करतो?

आणि 'वेळ असला तर येतात' हे तर सपशेल चूक. भारताच्या वाट्याला शोध आणि बचावासाठी जो समुद्र आहे तो ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, देशाच्या जमिनीपेक्षा जास्त, आणि त्यावर लक्ष ठेवायला मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथे तीन बचाव समन्वय केंद्रं चोवीस तास चालू असतात. तिथे रात्री तीन वाजता पण माणूस जागा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या वायव्येला सत्तर मैलांवर मार्थोमा नावाची मासेमारी बोट नौदलाच्या पाणबुडीवर आदळली, तेरा जण होते, अकरा जणांना वाचवलं, तो शोध मुंबईच्याच केंद्राने चालवला, जहाजं आणि विमानं दोन्ही लावून. विमानतळावर सुद्धा हे वेगळं धरतात. बचावाला निघालेलं विमान फ्लाइट प्लॅनमध्ये तसं नोंदवायची सोय असते, एसटीएस स्लॅश एसएआर असं लिहितात, मग कंट्रोलवाला बाकीच्यांना थांबवतो आणि तुला आधी सोडतो. रस्त्यावर अँब्युलन्सला वाट देतात त्यातलाच प्रकार.

आता तुझ्या बोटवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट, पाटीवर लिहिता आली तर लिहा. वरून हुक किंवा बास्केट खाली आली की लोक धावत येऊन हाताने पकडतात. पकडू नका!! पंखे फिरत असतात त्याने हेलिकॉप्टरमध्ये स्टॅटिक करंट साठतो आणि तो तारेतून खाली येतो. आधी तार पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, मगच हात लावा. मी एका धट्ट्याकट्ट्या खलाशाला त्या झटक्याने बसलेला बघितलाय. आणि ती तार बोटीला कुठे म्हणजे कुठेच बांधायची नाही, माणूस घाबरला की पहिलं तेच करतो. डेकवर रिकामे क्रेट, आइसबॉक्सची झाकणं, ताडपत्री काही मोकळं ठेवायचं नाही, खालचा वारा असा असतो की झाकण उडून पंख्यात जाईल. अँटेना आणि काठ्या जेवढ्या खाली घेता येतील तेवढ्या घ्या. ट्रॉलरचा डोलकाठ्यांचा जो पसारा असतो ना, वरून बघताना त्याचीच भीती जास्त.

हवेचं म्हणशील तर हो, हवा खराब असली तर कुणीच उडू शकत नाही. पण त्याने सेवा सेवा राहत नाही असं कसं? पुरात फायरची गाडी पण पोचत नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरच्या पुढे हरी लीला नावाच्या टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला कोस्ट गार्डचं ध्रुव हेलिकॉप्टर निघालं आणि समुद्रात पडलं. चौघांतले तिघे गेले. ते काय वेळ होता म्हणून गेले होते? हे तुमच्या त्या गृहस्थांना नक्की सांगा, रागाने नाही, नीट सांगा.

---

सत्तरीची_लेक यांनी लिहिलं:

विंचवाले काका, तुमचं सगळं पटलं, डोळ्यांत पाणी आलं शेवटच्याला. पण समुद्राचं झालं, आम्हा डोंगराकडच्या लोकांचं काय?

मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात आगी लागल्या तेव्हाचं मला चांगलं आठवतं. रात्री अंगणातून डोंगर बघितला तर सोन्याचा गोफ पडल्यासारखी लाल रेघ वळत गेलेली, आणि सकाळी कपडे वाळत घातले की त्यावर राख. वनखात्याची माणसं, अग्निशमनची माणसं आणि आमच्या वाड्यावरची पोरं ओल्या फांद्या घेऊन झोडपत होती, कारण त्या चढणीवर बंब जातच नाही. मग हेलिकॉप्टरं आली, नौदलाची आणि हवाई दलाची, खाली मोठी बादली लटकवून पाणी भरून आणायची आणि धुरावर ओतायची. आम्ही पोरंटोरं गच्चीवर उभी राहून बघत होतो. उपयोग झाला, कोण नाही म्हणेल. पण ती आली कशी? सरकारने मागितली म्हणून आली. आमच्या गावातून कुणी फोन लावून आली नाहीत. आमच्याकडे तसा नंबरच नाही.

म्हणून मला वाटतं तुमचे ते जाणते काका जमिनीवरचं डोक्यात ठेवून बोलत असणार. जमिनीवर खरंच तसं आहे. जिल्हाधिकारी किंवा सरकार मागणी करणार, मग लष्कर मुलकी प्रशासनाच्या मदतीला येणार. त्या व्यवस्थेचं नावच मदत. जुलै २०२४ मध्ये आमच्या सत्तरीतल्या पालीच्या धबधब्यावर रविवारी ऐंशी एक माणसं पाणी वाढल्यामुळे पलीकडे अडकली, त्यांना काढलं ते अग्निशमन आणि पोलिसांनी दोर बांधून. पायी. हेलिकॉप्टर नाही. आणि गोव्याच्या फायर ब्रिगेडचं सरकारी नाव बघा, अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालय, म्हणजे सेवा हा शब्द त्यांच्या पाटीवरच आहे आणि ते तसं वागतात पण. माझ्या मते ज्याला साध्या माणसाने फोन करता येतो आणि ज्याला ‘येत नाही’ म्हणायची मुभा नाही, ती सेवा. बाकी सगळं मोठ्या मनाची मदत, आणि तिचे आभार मानावेत, पण पाटीवर लिहू नये.

---

मालीमचो_बोटवालो यांनी लिहिलं:

ताई, ‘येत नाही म्हणायची मुभा नाही’ हे मी मीटिंगमध्ये तसंच्या तसं वापरणार. आणि काका, तारेचं तुम्ही सांगितलंत ते मी मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला हो, वरून माणूस हाताने सारखा नको नको करत होता आणि आमचा एक पोरगा तरी हात वर करून उभा होता, बाकीच्यांनी त्याला कमरेला धरून मागे ओढला. आता कळलं का ते.

---

बांबोळी_नाईट_ड्युटी यांनी लिहिलं:

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होईल अशी मला भीती वाटते म्हणून लिहिते.

एअर रेस्क्यू आणि एअर अँब्युलन्स एक नव्हेत. लोकांना वाटतं पेपरात ‘एअर अँब्युलन्सने हलवलं’ असं येतं म्हणजे तशी सेवा आहे. ते बहुतेक वेळा खाजगी चार्टर असतं, छोटं विमान, आत स्ट्रेचर, व्हेंटिलेटर, डॉक्टर. ते दाबोळीहून किंवा मोपाहून मुंबई, बंगळूर, दिल्लीला पेशंट नेतं आणि बिल लाखांत येतं, आणि पैसे आधी. पेशंट आधी स्थिर करावा लागतो, दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं व्हावं लागतं, पेपर, बेड कन्फर्म, मग विमान. यात अर्धा दिवस सहज जातो. तो चांगला प्रकार आहे, काहींचे जीव त्याने वाचलेत, पण ती इमर्जन्सी सर्व्हिस नाही, ती पेशंटची वाहतूक आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी ती अस्तित्वातच नाही. सिंधुदुर्गातून आमच्याकडे रात्री-अपरात्री पेशंट येतात, दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, मागे म्हातारी आई सलाइनची बाटली वर धरून बसलेली, त्यांना कुणी एअर अँब्युलन्स हा शब्द सांगून दाखवा.

एक प्रसंग मनातून जात नाही. काणकोणाकडून एक मुलगा आणला होता, बाईकचा अपघात, वय एकोणीस. रस्त्याने दीड तास, त्यात मध्ये ट्रॅफिक. अँब्युलन्समधल्या पोराने सगळं बरोबर केलं होतं, मानेला कॉलर, ऑक्सिजन, दोन लाईन लावलेल्या, तरी आमच्या दारात आला तेव्हा वेळ निघून गेली होती. मोटर वाहन कायद्यात गोल्डन अवरची व्याख्या आहे, जखम झाल्यापासूनचा पहिला तास, त्यात इलाज मिळाला तर जीव वाचायची शक्यता सर्वांत जास्त. अँब्युलन्सला वाट दिली नाही तर दहा हजारांचा दंड होऊ शकतो. म्हणजे वेळेची किंमत कायद्याला कळली आहे. मग जिथे रस्त्याने एका तासात पोचणं शक्यच नाही तिथे काय, हा प्रश्न कायदा सोडून देतो.

आणि साधनं नाहीत असं नाही हो. २०२१ मध्ये इथेच, आपल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर, ध्रुव हेलिकॉप्टरमध्ये आयसीयूची सोय बसवली. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सगळं. दाबोळीहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलापर्यंत कावळा उडाला तर काही मिनिटांचा रस्ता. पण तो आमच्या काणकोणच्या मुलासाठी नाही, आणि नौदलाचा त्यात काही दोष नाही, त्यांचं काम वेगळं आहे.

---

फोंड्याचो_म्युनिकात यांनी लिहिलं:

सगळ्यांना नमस्कार, मूळचा फोंड्याचा, नोकरीमुळे आठ वर्षं म्युनिकला आहे. इकडचं सांगतो कारण इकडे हा प्रश्न कुणाला पडतच नाही आणि का पडत नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

इकडे ११२ लावला की फोन कंट्रोल रूमला जातो आणि तिथला माणूस ठरवतो की गाडी पाठवायची, डॉक्टर पाठवायचा की हेलिकॉप्टर. तुम्ही हेलिकॉप्टर मागत नाही. तुम्ही फक्त काय झालं ते सांगता. हेलिकॉप्टर हे त्याच रेस्क्यू सर्व्हिसचं एक वाहन आहे, कायद्यात तसंच धरलेलं, आणि खर्च आरोग्य विम्यातून जातो. पहिलं हेलिकॉप्टर १ नोव्हेंबर १९७० ला इथेच म्युनिकमध्ये सुरू झालं, त्याचं नाव क्रिस्टोफ १, प्रवाशांचा रक्षक संत ख्रिस्तोफर आहे त्याच्यावरून. आता बहुतेकांना क्रिस्टोफ आणि पुढे नंबर किंवा गावाचं नाव असंच नाव असतं, पिवळी असतात ती मोटर क्लबच्या संस्थेची, भगवी असतात ती गृहखात्याची, पण फोन करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. आणि मला इथे आल्यावर नवल वाटलं ते हे की कितीतरी वेळा ते हेलिकॉप्टर पेशंटला नेतच नाही! ते डॉक्टर घेऊन येतं, शेतात नाहीतर रस्त्यावर उतरतं, डॉक्टर इलाज सुरू करतो आणि पेशंट गाडीनेच जातो. म्हणजे वेगाने पोचायची गरज पेशंटला नसते, डॉक्टरला असते. हे मला आपल्याकडे कुणी बोलताना ऐकू आलं नाही.

स्वित्झर्लंडात आणखी वेगळं, तिथे रेगा नावाची संस्था १९५२ पासून आहे, सरकारी नाही, नंबर १४१४, लोक वर्षाला थोडे पैसे देऊन तिला पोसतात, तरी तिथल्या शेतकऱ्याला विचारा की ही इमर्जन्सी सर्व्हिस आहे का, तो तुमच्याकडे बघत राहील. इंग्लंडमध्ये तर ९९९ लावला की पोलीस, फायर, अँब्युलन्स आणि कोस्टगार्ड असे चार पर्याय, चौथा कोस्टगार्डच, त्यांच्याकडे शोध-बचावाची हेलिकॉप्टरं. पण जमिनीवरची एअर अँब्युलन्स तिथे बहुतेक ठिकाणी देणगीवर चालते. म्हणजे पैसा कुणाचा, वर्दी कुणाची यावरून सेवा ठरत नाही. ताई म्हणतायत तेच खरं, फोन लावल्यावर यायला बांधील आहे की नाही.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, ऋषिकेशच्या एम्सहून २९ ऑक्टोबर २०२४ पासून हेलिकॉप्टरची वैद्यकीय सेवा सुरू झाली, मध्य प्रदेशात सरकारची एअर अँब्युलन्स आहे आणि आयुष्मान कार्डवाल्यांना ती फुकट आहे. मग गोव्यात का नको? दोन विमानतळ, नौदलाचा एवढा मोठा तळ, सगळं हाताशी.

---

बांबोळी_नाईट_ड्युटी यांनी लिहिलं:

दादा, डॉक्टर नेण्याचं तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर, आमच्याकडे १०८ ची बाईक अँब्युलन्स आहे ती त्याच विचाराने, आधी माणूस पोचवा. पण गोव्यात लगेच हेलिकॉप्टर आणा म्हणणं मला घाईचं वाटतं. अख्खं राज्य ३७०२ चौरस किलोमीटर. हेलिकॉप्टर सुरू करून, उडून, उतरायला जागा शोधून, पेशंट चढवून परत, यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात म्हापशाहून किंवा फोंड्याहून गाडी पोचलेली असते. जिथे फायदा आहे ती ठिकाणं मोजकी. काणकोण, नेत्रावळी, दूधसागरच्या वरचा भाग, अनमोड आणि चोर्ला घाट. तेवढ्यासाठी एक व्यवस्था ठरवली तरी पुष्कळ झालं, रोजच्या अपघाताला नको. आणि उतरणार कुठे, माड आणि वीजेच्या तारा सगळीकडे.

---

वास्कोचा_विंचवाला यांनी लिहिलं:

सिस्टर, उतरायची जागा हा प्रश्न गोव्यात सर्वांत सोपा आहे. गावागावात फुटबॉलचं मैदान आहे! मोकळं, सपाट, गाडी जाईल असा रस्ता. फक्त कुठल्या मैदानाच्या कुठल्या बाजूला तारा आहेत, फ्लडलाईटचे खांब कुठे, पावसात चिखल किती होतो हे आधी बघून नकाशावर लिहून ठेवायला हवं. ऐनवेळी पायलटने वरून शोधायचं नसतं. आम्ही अनोळखी जागी उतरताना आधी वरून एक फेरी मारून तारा बघतो, तार दिसत नाही, तारेचे खांब दिसतात, त्यावरून तार ओळखायची.

पण एका गोष्टीत मी तुमच्या बाजूने आहे. लष्करी हेलिकॉप्टरवर जमिनीची सेवा उभी करू नका. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं, त्यानंतर सगळ्या दलांची ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर बसवली, कितीतरी महिने. बसवायलाच हवी होती, क्रूचा जीव आहे. पण सेवा म्हटली की तिच्यामागे दुसरं साधन तयार पाहिजे. एक गाडी बिघडली म्हणून १०८ बंद ठेवतात का? समुद्रात तेव्हा जहाजं होती, चेतक हेलिकॉप्टरं होती, डॉर्नियर विमानं वरून शोधत होती. डोंगरात काय आहे?

---

सत्तरीची_लेक यांनी लिहिलं:

डोंगरात आमची पोरं आहेत काका. आणि दोर.

आमच्या गावच्या मैदानाचं मी विचारून ठेवते, एका बाजूला तारा आहेत, दुसरी बाजू मोकळी आहे. ग्रामसभेत हा विषय घालते, नकाशा काढायला पैसे लागत नाहीत. हेलिकॉप्टर येवो न येवो, जागा तरी लिहून ठेवू.

---

मालीमचो_बोटवालो यांनी लिहिलं:

मंडळी, मीटिंग झाली. सगळ्यांचे मनापासून आभार.

मी तुमची सगळी उत्तरं मोबाईलवरून मोठ्याने वाचली, कलम १४ चं दोनदा वाचायला लावलं. जाणते काका गप्प ऐकत होते. पोरबंदरचं वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, मी जमिनीचं बोलत होतो, आमच्या वहिनीला घाटात असंच कुणी आलं नव्हतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, इतकी वर्षं एकत्र बसतो तरी. ताई, तुम्ही बरोबर ओळखलं होतं.

तर असं ठरलं. पाटीवर १५५४ तिसऱ्या ओळीत, १०८ च्या खाली, त्याच मापाच्या अक्षरात, आणि समोर लिहायचं ‘समुद्रात’. त्याच्याखाली व्हीएचएफ चॅनल १६. खाजगी एअर अँब्युलन्सचा एक नंबर कुणीतरी आणला होता, सिस्टरनी सांगितलं ते वाचल्यावर तो काढून टाकला. पण पाटी जेटीवर, आणि माणूस आजारी पडतो बोटीवर, म्हणून प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये चाकाच्या वर एक छोटा स्टिकर पण लावतोय. त्यावर आधी पोझिशन सांगा, मग माणसं किती, मग पेशंट कसा आहे, बोटीचा रंग कुठला, आणि खाली लाल अक्षरात, तार पाण्याला टेकेपर्यंत हात लावू नका. इस्रोचा तो डिस्ट्रेसचा डबा ज्यांच्या बोटीवर कपाटात बंद पडून होता त्यांनी तो बाहेर काढून चार्ज केलाय, बटण दाबलं की निरोप उपग्रहावरून कोस्ट गार्डला जातो, मग व्हीएचएफवरून बोटीबोटीने निरोप पोचवायची गरज नाही. आमच्या ट्रॉलरवर पण होता. मेव्हण्याच्या झोपायच्या फळीखाली. त्या दिवशी कुणालाच आठवला नाही.

एक शेवटची मदत पाहिजे. मराठी, कोंकणी आणि हिंदी मजकूर तयार आहे. पण आमच्या बोटींवरचे कितीतरी खलाशी ओडिशाचे आहेत, पोरं अठरा-वीस वर्षांची, तार पकडायला पहिला हात त्यांचाच वर जातो. स्टिकरवरच्या चार ओळी कुणी नीट ओडियात लिहून देईल का? शुक्रवारी छापायला द्यायचंय.